वाळू, गोठलेली माती आणि बर्फ: तंबू रोवायला शिकण्याचे दोन महिने

जानेवारी 2024 मध्ये मी उत्तराखंडात पहिला हिवाळी ट्रेक केला, तेव्हा तंबू आयोजकांच्या माणसांनी आधीच उभारून ठेवलेले होते आणि आम्ही आयते आत शिरलो होतो. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास वारा सुटला, बाहेर काहीतरी सटकल्याचा आवाज झाला आणि तंबूची एक बाजू माझ्या तोंडावर येऊन आपटू लागली. बाहेर पडून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर तीन तणावे, म्हणजे तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्या, मेखांसकट उपटून वाऱ्यावर फडफडत होते. मी त्यातली एक मेख पकडून पुन्हा बर्फात दाबली. चिखलात काडी रोवावी तशी ती सहज आत गेली आणि तणावा ओढताच तितक्याच सहज बाहेर आली. मदतीला माणसे येईपर्यंत दीड तास आम्ही तिघीजणी तंबूच्या भिंतीला पाठ लावून, आपल्याच वजनाने तो धरून बसलो. मी वीस वर्षे सह्याद्रीत फिरते आहे, आणि त्या रात्री मला एक दोरी बांधता येत नव्हती, ही गोष्ट मनाला फार लागली.

त्यामुळे पुढच्या हिवाळ्यात उत्तराखंडातल्याच केदारकंठा या शिखरावर जायचे, तंबू स्वतः न्यायचा आणि स्वतःच रोवायचा, असे मी ठरवले. सोबतीला माझा एकोणीस वर्षांचा भाचा तयार झाला. या सगळ्या खटपटीत नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 हे दिवस गेले. मला सुरुवातीला कुठे विचारावे हेही कळत नव्हते, म्हणून ज्यांना हे करायचे आहे त्यांच्यासाठी तारखांसकट सगळे लिहून ठेवते आहे.

पहिले काम तिकिटांचे. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होऊ लागले होते, त्यामुळे 17 जानेवारीच्या गाडीसाठी 18 नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता आम्ही दोघे दोन फोन घेऊन बसलो. जानेवारीत प्रयागराजला महाकुंभ असल्याने उत्तरेकडच्या गाड्यांना गर्दी होणार हे उघड होते. पुणे ते दिल्ली तिकीट मिळाले, दिल्ली ते डेहराडून प्रतीक्षायादीत राहिले आणि ते निघण्याच्या दोन दिवस आधी निश्चित झाले. तोवर परतीच्या रजेचा अर्जही मी कार्यालयात नीट देऊ शकले नव्हते.

दुसरे काम सामानाचे. माझ्या दोन माणसांच्या तंबूबरोबर ॲल्युमिनियमच्या तारेच्या आठ मेखा आल्या होत्या, प्रत्येकी वीतभर लांबीच्या. आपल्याकडच्या पावसाळी मातीत त्या उत्तम बसतात, परंतु भुसभुशीत जमिनीत त्यांचा काही उपयोग नसतो, कारण बारीक तारेला धरून ठेवायला आजूबाजूला काहीच नसते. जमीन जितकी सैल, तितकी मेख रुंद आणि लांब लागते. जमीन जितकी कठीण, तितकी ती बारीक आणि मजबूत लागते. ही एवढी गोष्ट कळल्यावर मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत दोन शनिवार घालवले. एक इंची ॲल्युमिनियमच्या अँगलचे चाळीस सेंटिमीटरचे आठ तुकडे घेतले, त्यांचे एक टोक तिरके कापून घेतले आणि प्रत्येकाला तीन भोके पाडून घेतली. अँगलचे 440 आणि कापणी-भोकांचे 300 रुपये झाले. आठ इंची लोखंडी खिळे दहा घेतले, 120 रुपयांचे, आणि वेल्डरकडून प्रत्येकाच्या डोक्याखाली एक कडी जोडून घेतली, त्याचे 200 रुपये. ही कडी जोडण्याची कल्पना मांडववाल्याकडची होती. आमच्या गल्लीत मांडव घालणाऱ्या काकांना मी सहज विचारले, तेव्हा ते म्हणाले, “ताई, ठोकायचं काय, कोणीही ठोकेल, उपटायचं कसं ते आधी ठरवा.” त्यांच्या या वाक्याची किंमत मला पुढे 9,000 फुटांवर कळली. शेवटी पॅराशूटच्या कापडाच्या बारा चौकोनी पिशव्या शिंप्याकडून शिवून घेतल्या, साधारण वाणसामानाच्या पिशवीएवढ्या आणि वर दोन मजबूत बंद असलेल्या. त्यांचे 720 रुपये झाले. 4 मिलिमीटर जाडीची 40 मीटर पॉलिस्टरची दोरी 600 रुपयांना पडली. नायलॉन ओलाव्याने सैलावते, म्हणून पॉलिस्टरची घेतली. एकूण 2,380 रुपये.

बर्फ पुण्यात मिळणार नव्हता. सैल जमिनीचा सराव करायचा तर वाळू सर्वांत जवळची, म्हणून 14 डिसेंबरला, दत्तजयंतीच्या शनिवारी, आम्ही ताम्हिणी घाटातून एसटीने दिवेआगरला गेलो. तिथे पोहोचल्यावर आधी गावात चौकशी केली आणि ती केली हे फार बरे झाले. कोकणाच्या अनेक किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि त्यांची घरटी भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत असतात, म्हणजे नेमकी तिथेच, जिथे आपल्याला तंबू लावावासा वाटतो. त्यामुळे किनाऱ्यावर वाटेल तिथे खड्डे खणायचे नाहीत, जागा गावकऱ्यांना किंवा कासवमित्रांना विचारून ठरवायची आणि रात्री पाण्याच्या दिशेने दिवे लावायचे नाहीत. आम्ही सुरूच्या बनाला लागून असलेल्या एका वाडीच्या मालकांना विचारले. त्यांनी वाडीच्या कडेची मोकळी वाळू दाखवली आणि माणशी 300 रुपये घेतले, त्यात न्हाणीघर वापरायची सोय होती.

भरतीची वेळ काढायला मला तिथेच शिकवले गेले. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण येते. त्या संध्याकाळी पौर्णिमा लागली होती, म्हणून पंधराचे पाऊणपट, रात्री सव्वाअकराच्या आसपास. शिवाय पौर्णिमा म्हणजे उधाण, पाणी नेहमीपेक्षा वर येणार. आमची जागा सुरक्षित होती, पण किनाऱ्यावर तंबू लावणाऱ्याने हा हिशोब मेखेला हात घालण्याआधी करावा.

त्या संध्याकाळी आम्ही मुद्दाम तारेच्या मेखांनी सुरुवात केली. पश्चिमेकडून खारा वारा येत होता. तंबू उभा राहिला, सात मिनिटांनी समुद्राकडची पहिली मेख निघाली, मग तिच्या शेजारची. अँगलच्या मेखा काढल्या, डोके तंबूपासून दूर कलते ठेवून त्या पूर्ण आत ठोकल्या, वरून वाळू पायाने दाबली, तेव्हा तंबू स्थिरावला. आम्ही जेवलो आणि निश्चिंतपणे झोपलो. पहाटे चारला पुन्हा तीच गत, पण या वेळी उलट्या बाजूने. संध्याकाळी समुद्रावरून जमिनीकडे येणारा वारा रात्री जमीन थंड झाली की फिरतो आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. कोकणातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असलेले हे खारे वारे आणि मतलई वारे मी भूगोलात पाठ केले होते, परंतु तंबूच्या समुद्राकडच्या बाजूला चार मेखा आणि डोंगराकडच्या बाजूला दोनच, अशी माझी मांडणी होती. पुढे हिमालयात हाच धडा तसाच्या तसा उपयोगी पडला, कारण दऱ्यांमध्येही दिवसा वारा वर चढतो आणि सूर्य मावळल्यावर थंड हवा उतारावरून खाली वाहू लागते.

सकाळी वाळूत बसून आम्ही दोऱ्या गुंडाळत असताना एक वयस्क कोळी काका जाळे खांद्यावर टाकून चालले होते. थोडा वेळ ते उभे राहून बघत राहिले. मग जवळ येऊन त्यांनी माझ्या हातातली अँगलची मेख घेतली, वाळूवर आडवी ठेवली आणि म्हणाले, “उभी कशाला ठोकतेस बाय? आडवी पूर. होडीपण अशीच बांधतो आमी, वाळूत लाकूड पुरून.” त्यांनी हातांनीच कोपरभर खोल चर केला, त्याची लांबी दोरीच्या ओढीला काटकोनात येईल अशी. मेखेच्या मधल्या भोकाला दोरी बांधून ती चरात आडवी घातली. मग तंबूच्या दिशेने बोटाने एक अरुंद खाच काढली, जेणेकरून दोरी जमिनीखालून सरळ तिरपी बाहेर यावी. ही खाच नसेल तर ताणलेली दोरी मेखेला वर उचलते. वर वाळू लोटली, पायाने चेपली, आणि वाडीतल्या बादलीतले पाणी ओतले. मला म्हणाले, “आता ओढ.” मी ओढली. मग भाच्याने ओढली. मग आम्ही दोघांनी मिळून ओढली. दोरी हाताला काचली, वाळूवर भेगही पडली नाही.

तारेची मेख स्वतःच्या अंगाने धरते, तर पुरलेली वस्तू तिच्यावरच्या आणि समोरच्या वाळूच्या वजनाने धरते, हा सगळा फरक त्या पाच मिनिटांत हाताला कळला. एकदा हे कळले की मग काय पुरायचे याला महत्त्व उरत नाही. सुरूचे वाळलेले लाकूड, वाळू भरलेली पिशवी, काहीही चालते. पाणी ओतण्याचे कारणही साधे आहे. ओल्या वाळूचे कण त्यांच्यामधल्या पाण्याच्या पापुद्र्याने एकमेकांना ओढून धरतात, म्हणूनच मुलांचे किल्ले कोरड्या वाळूचे होत नाहीत.

28 आणि 29 डिसेंबरला आम्ही पुन्हा तिथेच गेलो, या वेळी केवळ पिशव्यांचा सराव करायला. पिशवी वाळूने तीन चतुर्थांश भरायची, तोंड बांधायचे, बंदांतून दोरी ओवून दोन्ही टोके तंबूकडे आणायची आणि गाठ तंबूपाशी मारायची. पिशवीपाशी गाठ मारायचीच नाही. हे शेवटचे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केले आहे. त्या दोन दिवसांत आम्ही तंबू अकरा वेळा उभारला आणि उतरवला. सुरुवातीला सव्वा तास लागत होता, शेवटी पस्तीस मिनिटे. एकदा डोळे बांधून आणि जाड हातमोजे घालूनही उभारला, कारण थंडीत बोटे उघडी ठेवता येणार नाहीत आणि अंधार लवकर पडेल हे दिसत होते. हातमोज्यांत बारीक गाठी सुटत नाहीत, त्यामुळे सगळीकडे ओढताच सुटणारी सरकगाठच ठेवायची हे तेव्हा ठरले.

निघण्याआधीची कागदपत्रे अशी होती: आधार कार्डाच्या तीन छायाप्रती, पासपोर्ट आकाराची चार छायाचित्रे, नोंदणीकृत डॉक्टरांनी शिक्का मारून दिलेले प्रकृतीचे प्रमाणपत्र आणि घरच्या माणसाचा संपर्क लिहिलेला स्वघोषणापत्राचा कागद. प्रमाणपत्रासाठी रक्तदाब आणि हृदयाचा आलेख काढून घेतला, त्याचे 650 रुपये झाले. छायाप्रती पुण्यातूनच न्याव्यात. डोंगरातल्या गावात वीज गेली की यंत्र बंद आणि तुम्ही थांबलेले. स्टोव्हचे गॅसचे डबे रेल्वेत नेता येत नाहीत, ते ज्वालाग्राही सामानात मोडतात, म्हणून ते डेहराडूनला घ्यायचे ठरवले. मेखा आणि खिळे जाड सतरंजीच्या तुकड्यात गुंडाळून सॅकच्या तळाशी ठेवले.

17 जानेवारीला निघून 19 च्या पहाटे आम्ही डेहराडूनला उतरलो. स्थानकाजवळच्या पर्वतीय बसअड्ड्यावरून सांकरीची, म्हणजे जिथून चढाई सुरू होते त्या गावाची, बस सकाळीच सुटते. ती चुकली तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागते किंवा तुकड्यातुकड्याने जीप बदलत जावे लागते. मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी अशी सुमारे 200 किलोमीटरची वाट आहे. मोरीपासून टोन्स नदी सोबत येते आणि नैटवाडला गोविंद पशु विहार या अभयारण्याच्या हद्दीत प्रवेशाची नोंद होते. खिडकीवर नावे, वये, किती रात्री राहणार हे लिहून घेतले, पावती दिली. ही पावती जपून ठेवावी, उतरताना पुन्हा विचारतात. पोहोचायला अकरा तास लागले, अंगातली सगळी हाडे मोकळी झाली.

सांकरी सुमारे 6,400 फुटांवर आहे. 20 तारीख पूर्ण कागदांत गेली. स्थानिक गाइड सोबत असावा लागेल असे आम्हाला सांगितले होते, म्हणून गावातलाच एक तरुण ठरवला, दिवसाचे 1,800 रुपये. त्याला मी पहिल्याच भेटीत सांगितले की तंबू आम्हीच रोवणार, तुम्ही फक्त चुकत असलो तर बोला. तो हसला नाही, त्याने उलट माझे सामान काढायला लावले आणि एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. पिशव्या पाहून तो समाधानाने म्हणाला, “दीदी, ये सबसे अच्छा है.” बुटांना लावायचे काटे गावातच भाड्याने मिळाले.

21 तारखेला जुडा का तालाबाकडे चढलो. देवदार आणि ओकांच्या जंगलातून वाट जाते, चार तास लागले. उंची सुमारे 9,100 फूट. तळे गोठले होते. गाइडने तळ्यापासून लांब, झाडांच्या आडोशाची जागा दाखवली. जमिनीवर जेमतेम चार बोटे बर्फ होता, म्हणून मी मनात म्हटले, इथे काही अवघड नाही. बर्फ बाजूला सारला आणि पहिली अँगलची मेख हातोडीने ठोकली. तिसऱ्या घावाला तिचे डोके वाकले. दुसरी ठोकली, ती बाजूला उडून भाच्याच्या बुटावर आदळली. खालची माती दगड झाली होती. माती ओली असताना थंडी पडली की तिच्यातले पाणी गोठून कणांना सिमेंटसारखे बांधून टाकते, आणि मग तिच्यात रुंद वस्तू शिरू शकत नाही.

इथे खिळ्यांची पाळी होती. खिळा उभाच धरायचा, छोटे छोटे सरळ घाव घालायचे, एकदम जोर लावायचा नाही. वरचा थर फोडायला प्रत्येक खिळ्याला पाच-सहा मिनिटे लागली, खालचा थर गोठलेला नसल्याने पुढे तो भराभर गेला. हातमोजे एकदाही काढले नाहीत. उणे तापमानात लोखंडाला ओलसर उघडा हात लागला तर कातडी चिकटते. दहापैकी सहाच खिळे बसले, चार ठिकाणी खाली दगड किंवा मूळ आले. उरलेल्या चार तणाव्यांना दगड लावले, आणि दगड लावण्याचीही एक रीत आहे ती गाइडने दाखवली. मी मोठ्या धोंड्याला दोरी गुंडाळायला निघाले होते. त्याने मला थांबवले, कारण धोंड्याच्या कडांवर दोरी घासून तुटते आणि गोल धोंड्यावरून ती निसटते. त्याने दोरीच्या टोकाला हाताएवढी वाळकी, खाली पडलेली फांदी बांधली, फांदी जमिनीवर आडवी ठेवली आणि तिच्या पुढ्यात, तंबूच्या बाजूला, दोरीवर मोठा धोंडा ठेवला. ओढ आली की फांदी धोंड्याला मागून टेकते आणि धोंडा हलल्याशिवाय निघू शकत नाही.

रात्री वारा नव्हता, थंडी मात्र कडाक्याची होती. बाटलीतले पाणी सकाळी दगड झाले होते. खरी परीक्षा तेव्हाच सुरू झाली. सहाही खिळे रात्रीत मातीत असे गोठून बसले होते की हलेनात. भाच्याने किटलीतले गरम पाणी ओतले. एक खिळा सुटला, पण दुसऱ्यापर्यंत पोहोचेस्तोवर ओतलेले पाणीच गोठू लागले. तेव्हा मला मांडववाले काका आठवले. मोकळा झालेला खिळा दुसऱ्याच्या कडीतून आडवा घातला, दोन्ही बाजूंनी हातोडीने हलके ठोके देऊन आधी माती सुटी केली, मग आडव्या खिळ्याची मूठ धरून पिळत वर ओढला. चाळीस मिनिटांत सहाही निघाले. कडी नसती तर ते तिथेच सोडावे लागले असते, आणि जंगलात लोखंड सोडून यायची कल्पना मला असह्य होती.

22 तारखेला केदारकंठ्याच्या तळावर पोहोचलो, सुमारे 11,250 फूट. इथे बर्फ गुडघ्याच्या वर होता, कोरडा आणि पिठासारखा. वर मोकळे कुरण, आडोसा जवळजवळ नाही. दुपारचा एक वाजला होता आणि गाइडने सांगितले की आत्ता काम सुरू केले तर अंधाराआधी संपेल. मला वाटले, पस्तीस मिनिटांचे काम आहे. ते साडेतीन तासांचे निघाले.

पहिला तास फक्त पाय आपटण्यात गेला. तंबूपेक्षा चारही बाजूंना दोन पावले मोठी जागा आम्ही तिघांनी आडवी-उभी तुडवली. तुडवून झाल्यावर मी तंबू उघडायला लागले, तेव्हा गाइडने हात वर करून अर्धा तास थांबायला सांगितले. हा अर्धा तास मला फार जड गेला. घाम वाळून थंडी अंगात शिरत होती आणि समोर काम दिसत असताना हात बांधून उभे राहायचे होते. परंतु तुडवलेल्या बर्फाचे तुटलेले कण एकमेकांना टेकले की त्यांच्यामध्ये नवे सांधे तयार होतात, आणि त्या सांध्यांना वेळ लागतो. अर्ध्या तासापूर्वी माझा बूट ज्यात घोट्यापर्यंत रुतत होता, त्याच जागी आता बुटाचा नुसता ठसा उमटत होता. तंबू लगेच लावला असता तर रात्री आमच्या शरीराखाली खड्डे पडले असते.

मग पिशव्या. वाळूतल्यासारखाच चर, पण खोल, जवळजवळ काखेपर्यंत हात जाईल इतका. पिशवीत बर्फ ठासून भरायचा, आडवी पुरायची, दोरीसाठी खाच काढायची, वरून बर्फ टाकून तुडवायचा आणि पुन्हा थांबायचे. दोरी ताणायची घाई मी इथे एकदा केलीच. कोपऱ्यावरची पिशवी पुरून पाच मिनिटे होतात तोच मी तणावा आवळला आणि पिशवी वरच्या बर्फासकट अलगद उचलून बाहेर आली. तोच चर पुन्हा भरून, तुडवून, वीस मिनिटे थांबून ओढले, तेव्हा ती जमिनीचा भाग झाल्यासारखी बसली होती. आठ पिशव्या पुरल्या, डोंगरउताराच्या बाजूला एक जास्त, कारण रात्रीचा वारा तिकडून येणार होता. तंबूची अरुंद बाजूही तिकडेच केली. सरळ राहिलेल्या सहा अँगलच्या मेखा तंबूच्या खालच्या कडेला वापरल्या, पण त्या आडव्या पुरून. एक मेख मी उघडी ठेवली होती, ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हाने तापून आपल्याभोवतीचा बर्फ वितळवून सैल झालेली सापडली.

तंबूच्या कडांवर बर्फ लोटताना एका बाजूची खालची फट मोकळी ठेवली आणि वरची झरोक्याची जाळी उघडी ठेवली. वारा आत येऊ नये म्हणून सगळीकडे बर्फ चेपून टाकावासा वाटतो, तो मोह आवरावा. स्वयंपाक बाहेरच केला. बंद तंबूत स्टोव्ह पेटवला तर कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही आणि माणूस झोपेतच जातो.

वारा रात्री अकरानंतर उतारावरून आला, जिथून येईल असे वाटले होते तिथूनच. मी जागीच होते. कापड ताणून वाजत होते, आणि प्रत्येक झोताबरोबर मी मागच्या वर्षीच्या त्या सटकण्याच्या आवाजाची वाट पाहत होते. अंटार्क्टिकात जुलै 1911 मध्ये केप क्रोझियरला स्कॉटच्या मोहिमेतल्या विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड या तिघांचा तंबू ध्रुवीय रात्रीच्या वादळात उडून गेला होता. तो पुढे उताराच्या पायथ्याशी सापडला म्हणून ते परतू शकले. त्या काळोखात मला ते तिघे फार जवळचे वाटले. दोनदा बाहेर पडून मी प्रत्येक तणाव्यावर हात ठेवला. दोरी तारेसारखी ताठ होती, दोरीच्या मुळाशी बर्फ अखंड होता. दुसऱ्या वेळी बर्फाची भुरभुर सुरू झाली होती, तेव्हा छपरावर साचलेला थर आतून हाताने थापटून खाली पाडला. हे दर दोन तासांनी करावे लागले, कारण वजनाने काठ्या वाकतात. तीनच्या सुमारास भाच्याने झोपेतच विचारले, “मावशी, धरून बसायचंय का?” मी म्हटले, “नाही रे, झोप.”

23 ला पहाटे आम्ही माथ्याकडे निघालो, 12,500 फुटांवर सूर्योदयानंतर तासाभराने पोहोचलो आणि दुपारी परत तळावर आलो. दुसरी रात्र तिथेच काढली, ती शांत गेली.

24 च्या सकाळी तंबू काढायला दोन तास लागले. पिशव्या भोवतीच्या बर्फासकट एकसंध गोठल्या होत्या. गाठी तंबूपाशी असल्याने दोऱ्या एका टोकाने ओढताच सरसरत निघून आल्या, नंतर फावड्याने चर उकरून पिशव्या बाहेर काढल्या. फावडे गाइडचे होते. स्वतःचे छोटे फावडे नेणे जरूर आहे, ते माझ्या यादीत नव्हते. सात पिशव्या निघाल्या, आठवी, उताराकडची, दिसेना. पुरलेल्या जागांवर काड्या खोचून खुणा करायला हव्या होत्या, रात्रीच्या बर्फाने सगळे सारखे झाले होते. पाऊण तास आम्ही तिघे अंदाजाने खणत होतो. ती मी समजत होते त्याहून दीड हात डावीकडे सापडली, निळ्या कापडाचा कोपरा आधी दिसला. ती आत इतकी कडक झाली होती की रिकामी होईना, तशीच बर्फासकट सॅकला बाहेरून बांधली. सांकरीला पोहोचेपर्यंत ती उन्हात हळूहळू वितळत माझ्या पाठीवर ठिबकत राहिली. नैटवाडच्या खिडकीवर पावती दाखवली, तेव्हा पिशवी पूर्ण रिकामी झाली होती.